ओढ्याकाठच्या बाटल्या

आमच्या वसईकडच्या खेड्यांत उकिरडा ही घराची दुसरी तिजोरीच असे. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, केळीची सोपटे, भाताचे तूस, मासळीचे काटे असे सारे तेथे पडे आणि पावसाच्या तोंडावर तो उपसून वाडीत पसरला जाई. त्यात काचेचा तुकडा सापडला, तर तो कोणी टाकला याची घरात चौकशी होत असे. एक तर खत पसरणारी माणसे अनवाणी असत. आणि दुसरे असे, की बाटली ही मुळी टाकण्याची वस्तूच नव्हती. रॉकेलची बाटली वेगळी, खोबरेलाची वेगळी. दवाखान्यात जाताना धुतलेली बाटली घरूनच न्यावी लागे. कंपाउंडर तिच्यात लाल मिक्श्चर ओती आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. वाटेत ती फुटली, तर औषध सांडल्याचे दुःख कमी आणि बाटली गेल्याचे अधिक. अगदीच निकामी झाली, तरी जुन्या बाटल्या घेणारा फेरीवाला तिचे चार पैसे देई. पारशी समाजात बाटलीवाला हे आडनावच आहे, यावरून या धंद्याची प्रतिष्ठा ध्यानात यावी.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतली चांगली खातीपिती, वयस्क माणसे सुटीच्या दिवशी फावडी घेऊन शंभर वर्षांपूर्वीच्या कचऱ्यात बाटल्या शोधतात, हे ऐकून हसू आले तर नवल नाही. पुढे मीही त्या खड्ड्यात उतरलो. त्याची ही हकीकत.

२००९ ते २०१२ अशी तीन वर्षे मी ओहायो राज्याच्या पश्चिमेस, मर्सर काउंटीतील एका खेड्याच्या धर्मग्रामात सेवेस होतो. प्रदेश ताटासारखा सपाट. जिकडे पाहावे तिकडे मका आणि सोयाबीन. त्या सपाटीवर दर चार-सहा मैलांवर एक उंच मनोरा आणि त्यावर क्रूस. एका मनोऱ्यापाशी उभे राहिले, की दुसऱ्याचे टोक दिसते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आलेल्या कॅथलिक शेतकऱ्यांनी जंगल तोडून, दलदलीला चर खणून ही शेते केली आणि आधी लाकडाची, मग विटांची मंदिरे बांधली. १८४०च्या दशकात फादर ब्रुनर यांच्याबरोबर आलेल्या प्रेशस ब्लड संघाच्या धर्मगुरूंनी ही सारी खेडी सांभाळली. पहिल्या महायुद्धापर्यंत तेथे प्रवचने जर्मन भाषेतच होत. दफनभूमीतील जुन्या दगडांवर आजही तीच भाषा आहे.

माझ्या धर्मग्रामात चौऱ्याऐंशी वर्षांचे एक विधुर शेतकरी होते. तिकडे परक्या वृद्धाला आजोबा म्हणण्याची रीत नाही; मी मनातल्या मनात म्हणत असे, येथेही तसेच म्हणतो. शेती त्यांनी मुलाकडे सोपविली होती. जुन्या कोठाराच्या दक्षिणेकडील खिडक्यांत त्यांनी फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर पाच-सहाशे बाटल्या मांडल्या होत्या. हिवाळ्याच्या दुपारी त्या काचांतून ऊन आत आले, की कोठाराच्या जमिनीवर निळे, हिरवे, मधाच्या रंगाचे ठिपके पडत. त्यांनी मला पहिल्यांदा तेथे नेले, तेव्हा मी त्यांना आपल्याकडच्या गोटी सोड्याविषयी सांगितले. ते खुर्चीतून उठलेच. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाने काढलेली, तिचे पेटंट १८७२ सालचे, आणि इंग्लंडातली पोरे आतल्या गोटीसाठी ती फोडत असत, एवढे सारे त्यांनी मला ऐकविले. आमच्याकडे जत्रेत अजूनही ती बाटली अंगठ्याने उघडतात, यावर त्यांचा विश्वास बसेना. पुढच्या सुटीत मी त्यांना एक नेऊन दिली. त्या साऱ्या संग्रहात न खणता मिळालेली तेवढीच.

आता या खणण्यामागचे कारण. अमेरिकेतील खेड्यापाड्यांत कचरा नेणारी गाडी फार उशिरा आली. शेतकरी आपली विल्हेवाट आपणच लावी. उष्टे-खरकटे डुकरांना आणि कोंबड्यांना, कागद शेगडीत, राख शेतात. उरे ते पत्र्याचे डबे, फुटकी चिनी माती आणि काच. हे सारे घोड्याच्या गाडीत घालून नांगर जेथे चालत नाही अशा जागी लोटून देत. ओढ्याकाठची घळ, रानाची कड, कुंपणाच्या दगडांमागची खोलगट जागा. गावात असेल तर परसातील संडासाचा खड्डा. पुढे डबे गंजून माती झाले, वर पालापाचोळा साचला, झाडे उगवली. काच मात्र जशी टाकली तशी राहिली. १९६०च्या दशकापासून तिकडे अशा बाटल्या शोधण्याचा छंद फार पसरला आणि दुर्मीळ बाटलीला हजारो डॉलरही मिळू लागले. आजोबांनी मात्र जन्मात एकही विकली नव्हती.

या कामाला वसंताचा आरंभ उत्तम. बर्फ वितळून जमीन सैल झालेली असते, झाडी उघडी असते, आणि विषारी वेली व साप अजून जागे झालेले नसतात. हत्यारे साधी: फावडे, हातखुरपे, जाड हातमोजे, आणि आडव्या मुठीची एक लांब पोलादी सळई. ती जमिनीत दाबत जायचे. दगडाला लागली तर हाताला धक्का बसतो, पत्र्याला लागली तर ती करकरते, काचेला लागली तर टिचकी मारल्यासारखा बारीक नाद येतो. मला तो ओळखायला महिना लागला. शेताच्या मालकाची परवानगी घेतल्यावाचून फावडे उचलायचे नाही, आणि जाताना खड्डा बुजवून जायचे, हे आजोबांचे दोन कडक नियम. केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवर तर १९७९च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू उकरून नेणे हा गुन्हाच आहे.

घळ खणताना आपण काळाच्या उलट दिशेने उतरत जातो. सर्वांत वर प्लास्टिक आणि बिअरचे डबे. त्याखाली ‘या बाटलीची विक्री वा पुनर्वापर करण्यास केंद्रीय कायद्याची मनाई आहे’ असे वाक्य कोरलेल्या दारूच्या बाटल्या. हे वाक्य १९३५ ते १९६४ या काळातच येते, म्हणून खणणाऱ्याला त्या पंचांगासारख्या उपयोगी पडतात. त्याखाली विक्सची गडद निळी डबी, जी पाहून मला घरच्यासारखे वाटले. आणखी खाली गेले, की बाटलीच्या अंगावरील जोडरेषा पाहायची. साच्याच्या दोन भागांमधली ही रेष ओठावरून पार वर गेली असेल, तर ती यंत्राची बाटली. गळ्यापाशीच थांबली असेल, तर ओठ माणसाने हाताने घडवला. त्या दोहोंमधली सीमारेषा म्हणजे मायकेल ओवेन्स यांचे १९०३ सालचे यंत्र. ते आमच्या खेड्यापासून मोटारीने दोन-अडीच तासांवरच्या टोलेडो शहरात जन्मले. ओवेन्स स्वतः दहाव्या वर्षी काचभट्टीवर कामाला लागले होते. त्यांच्या यंत्रामुळे भट्ट्यांपुढे रात्रपाळी करणाऱ्या हजारो पोरांची गरज संपत गेली, असे म्हणतात. बाटलीकडे पाहून ओठाला कोणा पोराचा हात लागला की नाही हे कळते, ही गोष्ट मला कितीतरी दिवस सोडीना.

काच फसवतेही. मुरंबे-भाज्या टिकविण्याच्या बरण्यांवर मेसन यांचे पेटंट, ३० नोव्हेंबर १८५८, असे ठळक कोरलेले असते. नवखा माणूस हर्षाने नाचू लागतो. वास्तविक ती तारीख पेटंटची आहे आणि पुढे अर्धशतकभर ती बरण्यांवर उमटत राहिली. रंगाचेही तसेच. काच पांढरीशुभ्र व्हावी म्हणून तिच्यात मँगनीज घालीत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळट होते. मातीखाली दडलेली तिची बहीण मात्र पांढरीच राहते.

आणि औषधे! त्या काळच्या घळीत निम्म्या बाटल्या औषधांच्या. पिट्सबर्गच्या होस्टेटर यांची पोटाची कडू औषधे, ज्यांत कडूपणापेक्षा मद्यार्कच अधिक. आम्हा पाद्र्यांचाही यात वाटा आहे. फोर्ट वेनच्या फादर कोनिग यांच्या नावाचे मज्जातंतूंचे टॉनिक मिरगीवर चाले. लोवेल शहरचे फादर जॉन ओब्रायन यांना १८५५ साली एका औषधविक्रेत्याने खोकल्यावर कॉड माशाच्या तेलाचे मिश्रण करून दिले. त्यांना गुण आला आणि ते जो भेटेल त्याला त्या दुकानी धाडू लागले. लोक जाऊन फादर जॉनचे औषध मागत. शेवटी तेच नाव बाटलीवर कोरले गेले. त्यात मद्य व घातक द्रव्ये नाहीत, अशी त्याची जाहिरात असे. ही बाटली सापडली, तेव्हा आजोबा म्हणाले, “फादर, ही तुम्हीच ठेवा. एखादा तरी धंदा हाताशी असावा.”

२०११च्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांच्या स्वतःच्या शेतातील घळीत उतरलो. इतकी वर्षे ते दुसऱ्यांच्या जमिनी खणत आले होते; घरची घळ पायाचे दुखणे वाढण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावी, असे त्यांच्या मनात आले. दुपारी सळईखाली बारीक नाद आला. मी हाताने माती बाजूला केली. पाच इंच उंचीची, समुद्राच्या उथळ पाण्यासारख्या रंगाची, बारीक नळीसारखी बाटली. मी ती पुसून त्यांच्या हाती दिली. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. तेवढ्याच जागेत दुसरी निघाली, मग तिसरी. सात निघाल्यावर ते म्हणाले, “आज एवढे पुरे.”

बाटलीवर ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ आणि खाली ‘कर्टिस अँड पर्किन्स, प्रोप्रायटर्स’ अशी अक्षरे होती. शांत करणारे सरबत. १८४९ पासून ते विकले जाई. दात येताना किरकिरणाऱ्या, पोट बिघडलेल्या तान्ह्या मुलांसाठी. जाहिरातीत गोंडस बाळे आणि प्रसन्न माता. त्यात एका औंसामागे सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होते. म्हणजे चहाच्या एका चमच्यात आठ-दहा मिलिग्रॅम, आणि तेही काही महिन्यांच्या बालकाला. मूल शांत होई. काही पुन्हा जागीच होत नसत. बाटलीवर मालकांची नावे काचेत कोरली होती. आत काय आहे याचा उल्लेख कोठेही नव्हता. १९०५ मध्ये सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांनी अशा औषधांविरुद्ध लेखमाला लिहिली. १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. या कायद्याने मॉर्फिनला बंदी केली नाही; वेष्टनावर त्याचे नाव लिहिणे तेवढे बंधनकारक केले. १९११ मध्ये तेथील वैद्यक संघटनेने अशा सिरपांना बालहत्यारे म्हटले. तरीही घटक बदलून ते नाव पुढे बराच काळ बाजारात राहिले.

आजोबांनी स्वयंपाकघरातील टेबलावर वर्तमानपत्र पसरून सातही बाटल्या ओळीने ठेवल्या. मला तेव्हा त्यांचे मौन कळले. आमच्या दफनभूमीत त्यांच्या घराण्याच्या रांगेत तीन आखूड दगड आहेत. त्यांच्या आजीची तीन बाळे. आजीला त्यांनी पाहिले होते; ती गेली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. ती त्यांना मांडीवर घेऊन सफरचंदाची साल एका अखंड फितीत सोलून दाखवी. ते म्हणाले, “फादर, तुम्हाला लॅटिन येते. जुन्या नोंदी पाहाल का?”

त्या संध्याकाळी मी कार्यालयाचे कपाट उघडून मृतांची नोंदवही काढली. सेमिनरीत रडतखडत शिकलेले लॅटिन असे उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते. १८९३, १८९६ आणि १९०१. अकरा महिने, सात महिने, एक वर्ष दोन महिने. दोन नोंदींत मृत्यूचे कारण नाही. तिसरीत एकच शब्द: कॉन्व्हल्शिओनेस, म्हणजे आकडी. त्या काळी हा शब्द शंभर आजारांना पुरत असे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एवढेच आणि असेच सांगितले. वहीत याहून अधिक काही नाही. घटसर्पाने, लाल तापाने, उन्हाळ्यातल्या नासक्या दुधाने त्या वर्षांत घरोघरी मुले जात होती. मूल आजारी पडले की आई हे सिरप आणणारच. तेव्हा बाटली आणि दगड एकाच घरचे आहेत म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. बाटल्या आजीच्या काळच्या आहेत, पण कोणत्या वर्षाच्या, कोणत्या मुलाच्या, हे काच सांगत नाही. ते ऐकत होते. मी जे सांगत होतो ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. पाचशे बाटल्यांचा इतिहास त्यांनी वाचला होता.

मग मी त्यांना मुंबईच्या गिरण्यांविषयी सांगितले. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला घरी ठेवताना अफूची बाळागोळी देत. १९२०च्या दशकातील पाहण्यांत त्याची सविस्तर नोंद आहे. मूल दिवसभर झोपून राही, भूक मागत नसे, आणि सुकत जाई.

“त्या आयांना ठाऊक असे?” त्यांनी विचारले.

“अफू आहे हे ठाऊक असे. गोळी दिली नाही तर मूल दहा तास एकटे रडेल, हेही.”

ते बराच वेळ बाटल्यांकडे पाहत राहिले. “माझ्या आजीला तेही कोणी सांगितले नाही,” ते म्हणाले. “तिला इंग्रजी धड वाचता येत नव्हते. आणि वाचता आले असते, तरी काय वाचणार होती?”

त्यांच्यापुढचा खरा प्रश्न निराळा होता. नव्वदीच्या घरातील त्यांची थोरली बहीण सेलिना गावच्या वृद्धाश्रमात होती. घराण्याची छायाचित्रे, पत्रे, जन्म-मृत्यूंच्या तारखा सारे तिच्यापाशी. तिला सांगावे की न सांगावे? मी सल्ला दिला नाही. तीस वर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्याला एक सवय जडते: ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी. मेलेल्या माणसाच्या वतीने कबुली देण्याचा अधिकार नातवाला आहे का, आणि मुळात येथे कबूल करण्याजोगे पाप कोणाचे? बाटलीवर दोन नावे तर ठसठशीत कोरलेली होती, आणि त्यांत आजीचे नव्हते. एवढे मात्र मी त्यांना बोलून दाखविले.

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर ते सदऱ्याच्या खिशात एक बाटली घालून माझ्याकडे आले आणि बरोबर येता का म्हणून विचारले. बहीणबाई खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी बाटली भिंगाखाली धरून अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचली. त्या निवृत्त शाळाशिक्षिका. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आजी नेहमी सांगायची, ती तिघे फार गुणी होती. कधी रडलीच नाहीत.”

आजोबांनी टोपी हातात घेतली आणि गुडघ्यावर ठेवली.

“आपले बाबा मात्र रात्र रात्र रडायचे,” बहीणबाई पुढे म्हणाल्या. “इतके, की आजोबा वैतागून गोठ्यात निजायला जात. आणि आजी त्यांना घेऊन चुलीपाशी येरझारा घालायची. सकाळी तशीच धारा काढायला. हेही लक्षात ठेव.”

ती बाटली त्यांनी ठेवून घेतली. उरलेल्या सहांचे मोल बाजारात फारसे नाही. अशा बाटल्या तिकडे हजारोंनी सापडतात. आजोबांनी त्या कोठारातल्या फळीवर मांडल्या नाहीत. धुतलेल्या, पुसलेल्या त्या सहा बाटल्या त्यांनी घळीत होत्या त्याच जागी ठेवल्या आणि आम्ही दोघांनी माती लोटली.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांचा ट्रक पुन्हा माझ्या दाराशी उभा होता. मागे दोन फावडी. शेजारच्या शेतमालकाची परवानगी त्यांनी आदल्या रात्रीच घेतली होती.

“त्यांच्या आजोबांना मी चांगला ओळखत होतो, फादर,” ते म्हणाले. “फक्त बिअर प्यायचे.”